बाटली ४० ची, डोस २० चा : खासदारांना पत्र लिहायचंय, जरा हात लावा

ताणाबाणा | रविवार, रात्री ११.१०

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. चहा घेऊन बसा.

आप्पांना (माझे वडील, वय ६३, त्यातली चाळीस वर्षं यंत्रमागावर) गालाचा कॅन्सर आहे. मावा, तंबाखू-सुपारीचा. पुढचं सोलापूरकराला सांगायला नको. दीड वर्षापूर्वी ऑपरेशन झालं, मग शेक (रेडिएशन) झाला, आणि दिवाळीनंतर मानेत पुन्हा गाठ आली. आता ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणाले. रोजच्या गोळ्या, आणि जोडीला दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन. नायव्होलुमॅब. नाव पाठ व्हायला मला दोन दिवस लागले, आप्पा अजून ‘ते नव्हाळी’ म्हणतात.

आता मुद्दा ऐका. या औषधाची लहान बाटली येते ४० मिलिग्रॅमची. आप्पांचा डोस २०. एकदा फोडलेली बाटली पुढच्या फेरीपर्यंत काही टिकत नाही. म्हणून रुग्णालयात दोन पेशंट एकाच दिवशी बोलावतात आणि एक बाटली दोघांत होते, बिलही निम्मं निम्मं. आप्पांच्या वाटणीला तुळजापूरकडचे एक निवृत्त गुरुजी आलेत. आप्पा त्यांना ‘भागीदार’ म्हणतात.

गेल्या खेपेला भागीदारांची एसटी वाटेत बंद पडली. साडेदहा झाले, अकरा झाले. आप्पा खुर्चीत, हाताला सुई लावलेली, आणि सिस्टर दर दहा मिनिटांनी येऊन माझ्याकडे बघतायत, बाटली फोडू का थांबू? फोडली तर अर्धी वाया, आणि पूर्ण पैसे आपले. आप्पा म्हणाले, ‘थांबा. मास्तर माणूस आहे, येणार.’ साडेबाराला गुरुजी आले. टोपी हातात, शर्ट घामाने चिकटलेला, आणि आल्या आल्या सिस्टरची माफी मागत होते, वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखी. मग बाटली फुटली.

तेव्हा डॉक्टरांना विचारलं, डोस एवढासाच का? पैसे नाहीत म्हणून कमी देताय का? ते म्हणाले, नाही, याची रीतसर चाचणी झालीय, मुंबईत, टाटात. रात्री बसून जमेल तेवढं वाचलं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमचा. टाटाच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या टीमने तोंड-घशाचा कॅन्सर उलटलेले वा पसरलेले १५१ पेशंट घेतले. निम्म्यांना फक्त गोळ्या, निम्म्यांना गोळ्या अधिक २० मिलिग्रॅम नायव्होलुमॅब तीन आठवड्यांनी. वर्षभराने गोळ्यावाल्यांतले १६ टक्के हयात होते, इंजेक्शनवाल्यांतले ४३ टक्के. हे ऑक्टोबर २०२२ मध्ये छापून आलं.

आणि मला झोप आली नाही ती एका प्रश्नाने. ही चाचणी कुठली कंपनी करील? आपल्या मालाचा एकेक डोस बाराव्या हिश्श्यात भागतो हे सिद्ध करायला आपल्याच खिशातून पैसे कोण घालील? आमच्या चौकातला टॉवेलवालासुद्धा घालणार नाही. टाटा हॉस्पिटल केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखाली आहे (मला हे माहीतच नव्हतं, अणुबॉम्बवाले कॅन्सर हॉस्पिटल चालवतात!), म्हणून तिथे हा प्रश्न विचारला तरी गेला.

१ फेब्रुवारीला बजेट आहे. त्याआधी खासदारांना पत्र द्यायचंय की संशोधनावर सरकारने पैसा वाढवावा. मी लिहिलेला मसुदा चार पानी झालाय आणि त्यात ‘कर्करोगाच्या भीषण विळख्यात’ हे शब्द तीनदा आलेत. वाचवा.

---

कडक_भाकरी | रविवार, रात्री ११.३२

बे ताणा, आप्पांना नमस्कार सांग. चार पानी पत्र कोण वाचतंय बे. मला आधी हे सांग, हे इंजेक्शन करतं काय नेमकं? केमोच ना? आमच्या मामाला केमोने केस गेले होते.

---

ताणाबाणा | रविवार, रात्री ११.५८

केमो नाही. मला समजलं तसं सांगतो, चुकलं तर इथे डॉक्टर आहेत, कान धरतील.

आपल्या रक्तात टी पेशी असतात, त्यांचं काम वाईट पेशी शोधून मारायचं. म्हणजे माग चालूच आहे. पण प्रत्येक मागाला बंद करायचं हँडल असतं की नाही? तसं टी पेशीला पण आहे, पीडी-१ नावाचं. ते असायलाच हवं, नाहीतर माग थांबणारच नाही आणि आपलंच अंग खात सुटेल. कॅन्सर काय करतो, हळूच येऊन ते हँडल ओढतो. माग उभा, कामगार उभा, वीज चालू, आणि कापड शून्य. केमो म्हणजे सगळ्या कारखान्यावर औषध फवारणं. हे इंजेक्शन म्हणजे हँडलवर टोपी घालणं. कॅन्सरला ओढताच येत नाही. माग आपोआप चालू.

आप्पांना असंच सांगितलं. ते म्हणाले, मग आधी बंद कुणी केला त्याला धरा.

---

पांढरा_कोट | सोमवार, सकाळी ७.१५

ओपीडीला जाण्याआधी घाईत लिहितोय. हँडलची उपमा चांगली आहे, उद्यापासून मी वापरणार. कमी डोस का चालत असावा तेही त्यातच बसतं. सगळ्या हँडलांवर टोप्या बसल्या की उरलेल्या टोप्या नुसत्या पडून राहतात. अगदी लहान मात्रेतही बहुतेक हँडलं झाकली जातात, हे सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसलं होतं.

पण दोन गोष्टी सांगायला हव्यात, पत्रात चुकीचं जायला नको.

एक. त्या चाचणीत कमी डोसची तुलना ‘इंजेक्शन नाही’ याच्याशी झाली, पूर्ण डोसशी नाही. म्हणजे ‘२० हा २४० इतकाच चांगला’ असं त्यातून सिद्ध होत नाही. ‘काहीच न परवडण्यापेक्षा २० नक्की चांगला’ हे सिद्ध होतं. आणि हा आजार बरा करण्याचा दावाही तिथे नव्हता. जगण्याचा मध्यांक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ६.७ महिन्यांवरून १०.१ वर गेला. ताणाबाणा, तुम्हाला हे माहीत असेल, तरी लिहितो. आपण आकडे पूर्ण सांगू या.

दोन. हे सगळ्यांना चालत नाही. काहींचा माग सुरू होतो तो थांबतच नाही, मग थायरॉइड, फुप्फुस, आतडं, कुठेही सूज येते. दम लागला किंवा जुलाब सुरू झाले तर घरी बसून राहू नका, लगेच फोन करा.

अवांतर : रोगप्रतिकार शक्तीकडून कॅन्सरचा उपचार ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली १८९१ पासून रुग्णांना मुद्दाम जंतू टोचत होते, ताप यावा आणि गाठ विरघळावी म्हणून. काहींची विरघळलीही. आणि तुमच्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर जो व्रण आहे ना, बीसीजीचा, तीच क्षयाची लस मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरमध्ये पिशवीत सोडतात. १९७६ पासून चाललंय. तेही इम्युनोथेरपीच, फक्त नाव भारी नाही म्हणून पेपरात येत नाही.

---

लक्ष्मीची_लेक | सोमवार, दुपारी १.४०

ताणाबाणा, आप्पांची काळजी घ्या, त्यांच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण पत्रावर सही मागणार असाल तर मला बोलायचंय.

माझी आई विड्या वळायची. हजार विड्या पुऱ्या करायला सकाळी सहाला सूप मांडीवर घ्यायची ते रात्री दिवा लागेपर्यंत. तंबाखूची भुकटी नाकात, घशात, पोळीच्या पिठात. तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला तेव्हा तिसरी पायरी होती. आयुष्यात त्याआधी एकदाही कुणी तपासलं नव्हतं. तपासणीला पाच मिनिटं लागतात. औषधही नवं नको होतं, नोबेलवालं संशोधनही नको होतं. एक नर्स, एक टेबल आणि एक पडदा हवा होता.

मग मी संशोधनाला पैसा वाढवा म्हणून सही का करू? जे माहीत आहे तेच माझ्या वस्तीत पोचलेलं नाही. आधी पडदा लावा, मग प्रयोगशाळा बांधा. वाईट वाटलं तर वाटू दे.

---

कडक_भाकरी | सोमवार, दुपारी २.०५

ताई बरोबर बोललात. मी शांत बसतो.

---

पिपेट | सोमवार, रात्री ९.५०

ताई, वाद घालत नाही. फक्त प्रयोगशाळेच्या आतून कसं दिसतं ते सांगते. मी मूळ जुळे सोलापूरची, सध्या बाहेर एका संस्थेत पीएचडी करतेय, टी पेशींवरच.

ताणाबाणांच्या बाटलीतलं औषध कुठून आलं? जपानात क्योतोला तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये एक जनुक सापडलं, त्या पीडी-१ हँडलचं. ते कॅन्सर शोधतच नव्हते. पेशी ठरल्या वेळी आपण होऊन मरतात त्या कशा, हे शोधत होते. म्हणून नावात ‘मृत्यू’ आहे (पीडी म्हणजे प्रोग्रॅम्ड डेथ). त्याचा उपयोग काय, हे पुढची काही वर्षं कुणालाच नीट माहीत नव्हतं. औषध म्हणून मंजुरी मिळाली २०१४ मध्ये. बावीस वर्षं. त्यांना आणि अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांना नोबेल २०१८ मध्ये. आता १९९२ साली होन्जोंना एखाद्या समितीने विचारलं असतं, ‘याचा समाजाला तात्काळ उपयोग काय?’, तर खरं उत्तर ‘माहीत नाही’ हेच होतं. माझ्या प्रत्येक अर्जात तो रकाना असतो. मी दरवेळी काहीतरी थाप मारते.

दुसरं, आपल्याकडचं. कार-टी ऐकलं असेल. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, त्यांना नवा जनुक देऊन कॅन्सर ओळखायला शिकवायचं, वाढवायच्या आणि परत सोडायच्या. परदेशात एका रुग्णाला तीन-चार कोटी. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार आणि टाटाच्या डॉक्टरांनी इथे ते उभं केलं. जून २०२१ मध्ये खारघरला पहिल्या रुग्णाला दिलं. त्या पहिल्या चाचणीला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅक या सरकारी कंपनीने १९.१५ कोटी रुपये दिले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण. किंमत परदेशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तरी लाखांतच आहे, मान्य. आणि ते काही रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, आप्पांसाठी नाही, हेही स्पष्ट करते, नाहीतर उद्या कुणीतरी घर विकायला निघेल.

१९ कोटी म्हणजे किती? शहरात एखादा उड्डाणपूल निम्म्यात राहतो तेवढे.

भारत संशोधनावर सगळं मिळून, सरकारी-खाजगी धरून, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. शंभर रुपयांत चौसष्ट पैसे. चीनचे दोन रुपयांच्या वर, दक्षिण कोरियाचे चारच्या वर. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, पाच वर्षांत ५०,००० कोटी, पण त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. २०२५ मध्ये एक लाख कोटींचा निधी मंजूर झाला, तो मुख्यत्वे खाजगी कंपन्यांना स्वस्त दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी. चांगलंच आहे. पण ताणाबाणांचा प्रश्न तसाच राहतो. औषधाची विक्री कमी करणारी चाचणी कर्ज काढून कोण करणार? फेडणार कशातून?

आणि आमचं म्हणाल तर माझी फेलोशिप सात महिने आली नव्हती. कागदोपत्री महिना ३७,००० (२०२३ पासून, आधी ३१,०००). सात महिने शून्य. कुणाकडे अडकली ते शेवटपर्यंत कळलं नाही, प्रत्येक खिडकी पुढची खिडकी दाखवायची. मेसवाल्या काकांनी उधारीच्या वहीत माझं पान वेगळं केलं होतं, वर ‘शास्त्रज्ञ’ लिहून. त्यात एका रविवारी वीज गेली, जनरेटरला डिझेल नव्हतं आणि उणे ऐंशीच्या फ्रीजमधले दोन वर्षांचे नमुने वितळू लागले. आम्ही चौघी चार तास बर्फाच्या लाद्या वाहत होतो. ताई, तुमच्या पडद्याला आणि माझ्या डिझेलला पैसे एकाच ठिकाणी अडतात असं मला वाटतं.

---

रोगमुक्त_भारत | सोमवार, रात्री १०.२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

धागापाल : ‘सात दिवसांत गाठ गायब’ छापाचे प्रतिसाद आणि फोन नंबर इथे राहणार नाहीत. दुसऱ्यांदा आलात तर खातं बंद.

कडक_भाकरी : मी वाचला तो उडायच्या आधी. किलोला साडेतीन हजार होता पाला. नायव्होलुमॅब स्वस्त वाटायला लागलं.

---

बार्शीकर_८७ | मंगळवार, सकाळी ६.३०

रात्री सगळं वाचलं. लक्ष्मीच्या लेकी, तू जे म्हणतेस ना की जे माहीत आहे ते पोचवा, त्यातलं बरंच माहीत झालं कुठून ते सांगतो. आपल्या शेजारून.

१९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम, तीन तालुके, ३४६ गावं. माझं नाव त्यावरूनच घेतलंय, माझे काका त्या कामात गावोगाव फिरायचे. शहरातली नोंदणी हॉस्पिटलात बसून होते. खेड्यातला माणूस हॉस्पिटलात येतच नाही, तो घरीच जातो. मग नोंद कशी होणार? म्हणून हे लोक पारावर, चावडीत, अंगणात बसून विचारायचे, कुणाला गाठ आहे का, कुणाचं अंगावरून जातंय का. काका सांगायचे, पहिल्या वर्षी लोकांना वाटायचं कुटुंब नियोजनवाले आलेत, दारं लावून घ्यायचे. त्या नोंदींतून दिसलं की तेव्हा आपल्याकडे बायकांमध्ये सर्वांत जास्त गर्भाशयमुखाचा होता.

मग १९९९ पासून त्यावेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटाची एचपीव्ही चाचणी (हा कॅन्सर घडवणारा विषाणू शोधायचा), एकाची पॅप (पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या), एकाची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि एक गट नेहमीसारखा. आठ वर्षांनी बघितलं. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात ६४. २००९ मध्ये छापून आलं आणि जगभर वापरलं गेलं. जगाला हे आपल्या मावश्या-आत्यांनी शिकवलं.

म्हणजे तुझा पडदा आणि टेबल, हेही संशोधनातूनच आलं. फक्त त्याचे पैसे मुख्यतः परदेशी फाउंडेशनकडून आले होते. गावं आमची, बाया आमच्या, पाय काकांचे, आणि पैसे परक्याचे. मला ते खटकतं.

---

लक्ष्मीची_लेक | मंगळवार, दुपारी १२.५५

काका, वाचून अंगावर काटा आला, पण तुम्हाला वाटतंय त्या कारणाने नाही. तो चौथा गट. तीस हजारांवर बायका, ज्यांची तपासणी केलीच नाही. त्यातल्या ६४ गेल्या. त्यांना माहीत होतं का, बाजूच्या गावात तपासतायत म्हणून?

---

पांढरा_कोट | मंगळवार, रात्री १०.१०

हा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला, आणि देशाबाहेरही त्यावर कडाडून टीका झाली. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं की त्या भागात तपासणी मुळात नव्हतीच, त्यामुळे कुणाचं काही काढून घेतलं नाही. मला स्वतःला हे उत्तर अर्धवट वाटतं. बाहेरचा पैसा, बाहेरचा आराखडा आला की ‘इथे तर असंच असतं’ हे गृहीत धरलं जातं. आपला पैसा असता तर निदान आपल्या विधानसभेत, आपल्या पेपरात कुणी जाब विचारला असता. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

---

निवृत्त_हेडमास्तर | बुधवार, पहाटे ५.२०

ताणाबाणाने मला मसुदा पाठवला होता. वाचला. लाल शाई संपली.

पोरांनो, खासदाराला ‘निधी वाढवा’ म्हणून पत्र दिलं की त्यावर ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि ते फायलीत झोपतं. चाळीस वर्षं मी असले शेरे बघितलेत. त्यापेक्षा त्यांच्या हातात तयार प्रश्न द्या. लोकसभेत अतारांकित प्रश्न स्वीकारला गेला की मंत्र्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि ते कायमचं छापलं जातं. नियम असे : प्रश्न साधारण दीडशे शब्दांच्या आत. त्यात युक्तिवाद नको, विशेषणं नकोत, उपरोध तर चालतच नाही. सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी. म्हणजे ‘भीषण विळखा’ नियमानेच बाद.

बोलून काही होत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी : सरकारी संशोधन अनुदानावर जीएसटीच्या नोटिसा निघाल्या होत्या, शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये परिषदेने ती अनुदानं करमुक्त केली. त्याच बैठकीत कॅन्सरच्या तीन औषधांवरचा कर १२ चा ५ झाला. त्यातलं एक, दुर्व्हालुमॅब, आप्पांच्या औषधाच्याच कुळातलं आहे म्हणे. शास्त्रज्ञांची ओरड ऐकली गेली, मग पेशंटच्या पोराची का नाही?

---

कडक_भाकरी | बुधवार, सकाळी ८.०२

सर, सह्या कुठे घ्यायच्या? गड्ड्याची जत्रा सुरू होतेय. होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत उभं राहिलो तर तासात पाचशे होतील. माणूस रांगेत सापडला की काहीही वाचतो.

---

निवृत्त_हेडमास्तर | बुधवार, सकाळी ८.१५

गर्दीतल्या पाचशे सह्यांपेक्षा पेशंटच्या घरच्या पन्नास घ्या, पत्त्यासकट. आणि मावा थुंकून ये सही घ्यायला.

---

कडक_भाकरी | बुधवार, सकाळी ८.१७

😶 (सोडतोय सर. खरंच. आप्पांचं वाचल्यापासून दिवसाला एकच.)

---

ताणाबाणा | गुरुवार, रात्री ११.४५

चार पानं फाडली. कामावरून आल्यावर तीन रात्री बसून हे राहिलंय. शब्द मोजलेत, सर.

आरोग्य आणि कुटुंब कल्याण मंत्री पुढील बाबी सांगतील काय :
(अ) गेल्या पाच वर्षांत कॅन्सरच्या औषधांचा डोस किंवा कालावधी कमी करून परिणाम तपासणाऱ्या किती वैद्यकीय चाचण्यांना केंद्र सरकारने निधी दिला, वर्षनिहाय व रकमेसह;
(आ) तोंड व घशाच्या कॅन्सरमध्ये नायव्होलुमॅबच्या कमी डोसची पूर्ण डोसशी थेट तुलना करणाऱ्या चाचणीला निधी देण्याचा प्रस्ताव आहे काय;
(इ) ज्या चाचण्यांतून कोणत्याही उत्पादकाला लाभ नाही, अशा चाचण्यांसाठी स्वतंत्र निधी ठेवण्याचा विचार आहे काय, नसल्यास कारणे;
(ई) सोलापूर व धाराशिव जिल्ह्यांत तीस वर्षांवरील किती महिलांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी झाली, तालुकानिहाय, आणि
(उ) संशोधक विद्यार्थ्यांची फेलोशिप दरमहा ठरल्या तारखेला मिळावी यासाठी कोणती व्यवस्था आहे?

(ई) लक्ष्मीच्या लेकीसाठी. ताई, ‘तालुकानिहाय’ मुद्दाम घातलंय, म्हणजे सरासरीच्या मागे लपता येणार नाही.

---

लक्ष्मीची_लेक | शुक्रवार, सकाळी ७.३०

(ई) ला (अ) करा. मग सही करते. आणि माझ्या वस्तीतल्या बावीस बायकांच्या आणते. सगळ्यांना वाचून दाखवीन, नुसते अंगठे घेणार नाही.

---

ताणाबाणा | शुक्रवार, सकाळी ७.४१

केलं.

---

पिपेट | शुक्रवार, सकाळी ९.१२

(उ) बघून मेसवाल्या काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर : ‘उधारी वसूल झाल्यावर मी पण सही करतो.’

सर, एकच शंका. (उ) आरोग्य मंत्र्यांच्या अखत्यारीत येईल का? फेलोशिपवाले विभाग वेगवेगळे आहेत.

---

निवृत्त_हेडमास्तर | शुक्रवार, सकाळी १०.००

बरोबर पकडलंस. (उ) काढून विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांसाठी वेगळा प्रश्न करा. एका प्रश्नात दोन मंत्री घातले की दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. सोमवारी संध्याकाळी माझ्या घरी या, टाइप करून ठेवतो.

---

बार्शीकर_८७ | शुक्रवार, रात्री ८.२५

एक अडचण आहे. बार्शी जिल्ह्याने सोलापूरची, पण लोकसभेला आम्ही धाराशिवमध्ये. तुमचे खासदार आमचे नाहीत. आणि आप्पांचे भागीदार तुळजापूरकडचे, म्हणजे तेही धाराशिवचेच.

---

ताणाबाणा | शुक्रवार, रात्री ९.०३

हे लक्षातच आलं नाही. बाटली एक, खासदार दोन.

मग दोन प्रती करू. सोलापूरची मी देतो, धाराशिवची काका तुम्ही द्या. गुरुजींची सही मंगळवारी घेतो, चौथा डोस आहे. आप्पांना आत्ताच सांगितलं तर म्हणाले, मास्तरांना फोन करून सांग, या खेपेला पहिली एसटी धरा.

---

बार्शीकर_८७ | शुक्रवार, रात्री ९.१०

मंगळवारी मला तुळजापूरला जायचंच आहे. गुरुजींचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. गाडीत घालून आणतो.